साडेतीन हात

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय कळवला: 'जागा'. मुंबई-वसईच्या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला यावर घर, हप्ते, पुनर्विकास, पार्किंग हेच आठवायचे. मला आठवली ती पश्चिम उपनगरातल्या एका जुन्या चर्चच्या सूचनाफलकावरची यादी. फलकावर एरवी असते तेच होते: होऊ घातलेल्या लग्नांची नावे, मुलांच्या धर्मशिक्षणाचे वेळापत्रक, रक्तदान शिबिर. शेजारी एका कागदावर दहा-बारा नावे, प्रत्येकापुढे कबरीचा क्रमांक आणि दफनाची तारीख. या कबरी पुढच्या महिन्यात उघडल्या जातील, नातेवाइकांनी कार्यालयात येऊन भेटावे, अशी खाली विनंती.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. एकदा पुरले की माणूस कायमचा तिथेच, अशी सर्वसाधारण समजूत असते. पण शहराच्या पोटात अडकलेल्या चर्चच्या आवाराला वाढायला जागा नाही आणि मरणे थांबत नाही. म्हणून कबर मुदतीची असते. ही व्यवस्था मी लहानपणापासून जाणून आहे, तरी ती कधी नीट पाहिली नव्हती. या निमित्ताने पाहायची ठरवली.

आणखी एक कारण होते. चर्चची नीती आम्हाला प्रवचनात ऐकायला मिळते, बिशपांच्या पत्रांत वाचायला मिळते. ती व्यवहारात कितपत उतरली आहे हे पाहायचे असेल तर दफनभूमीकडे जावे असे मला वाटते. पैसा, जात, कायदा, पर्यावरण, लाज आणि माया तिथे एकाच दुपारी समोर येतात, आणि निर्णय काही तासांत घ्यावा लागतो.

दोन वर्षांची मुदत

सकाळची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, सुटल्यावर काम सुरू होते. कबर खोदणारे काका पन्नाशीचे, त्यांचे वडीलही हेच काम करत. हत्यारे चारच: पहार, फावडे, घमेले आणि वाळूवाल्यांकडे असते तशी लोखंडी चाळणी. वरचा सिमेंटचा चौथरा आधी पहारीने सुटा करायचा, मग माती उपसायची. कमरेएवढे खाली गेले की फावडे बाजूला ठेवतात आणि हाताने माती सारू लागतात. हाडे हातानेच वेचायची हा त्यांचा नेम आहे. लांब हाडे आधी, मग कवटी, मग चाळणीत राहिलेली बोटांची बारीक हाडे. नातेवाइकांपैकी कोणी उभे असेल तर ते प्रत्येक गोष्ट आधी त्यांना दाखवतात. त्या दिवशी एक मुलगी आली होती, आईच्या कबरीसाठी. गळ्यातल्या जपमाळेचे मणी मातीत जसेच्या तसे सापडले. ते तिने ओंजळीत घेतले.

हाडे स्वच्छ करून कापडात बांधतात आणि भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. कोनाडा हातभर खोल, तोंडाशी संगमरवरी पाटी, पाटीवर नाव, तारखा आणि बहुधा एक छोटा फोटो. ज्यांचे कोणी येत नाही किंवा ज्यांना कोनाडा परवडत नाही, त्यांच्या अस्थी सामाईक कुंडात जातात. मोकळी झालेली कबर पुढच्या माणसासाठी तयार. मुदत साधारण दोन-अडीच वर्षांची. कोनाडेही पुष्कळ ठिकाणी ठरावीक वर्षांसाठीच मिळतात.

हे सगळे कठोर वाटेल, पण प्रत्यक्ष पाहताना मला तसे वाटले नाही. एका कबरीत तीस-चाळीस वर्षांत दहा-पंधरा माणसे विसावून गेलेली असतात. त्यात बँकेतला अधिकारी असतो, घरकाम करणारी बाई असते, दारू पिऊन संपलेला तरुणही असतो. एकाच मातीने सगळ्यांना घेतलेले असते. आमच्या श्रद्धेचा हा भाग इतक्या उघडपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

मात्र त्याच आवारात, बहुधा चर्चच्या भिंतीलगत किंवा मधल्या वाटेच्या दुतर्फा, काही कबरींना ही मुदत लागू नाही. त्या कायमच्या, घराण्यांच्या. कधीकाळी थोडक्या पैशांत घेतलेल्या त्या जागेचे मोल आता करता येत नाही, कारण ती मिळतच नाही. अनेक धर्मग्रामांनी, म्हणजे पॅरिशांनी, अशा कबरी देणे कधीच बंद केले. पण दिलेल्या परत घेणे सोपे नाही. चर्चच्या परिषदेत हा विषय निघाला की जुनी घराणी आणि नवे रहिवासी यांच्यात आवाज चढतात. वसई-नालासोपाऱ्याकडे तर हे फार जाणवते. मुंबईत घर न परवडलेली मंगळुरी, गोवेकर, मल्याळी, तमिळ ख्रिस्ती कुटुंबे तिथे राहायला आली. मिस्सेला तीच गर्दी करतात, गायनमंडळात त्यांचीच मुले असतात, वर्गणी तेही देतात. दफनभूमीत मात्र त्यांच्या नावाचा दगड नाही. स्थानिकांची बाजूही खोटी नाही. ज्या वाड्या विकल्या गेल्या, ज्या विहिरींचे पाणी टँकरने उपसले गेले, त्यांच्यामागे पूर्वजांची एवढीच खूण उरली, ती तरी राहू द्या, असे एका वाडवळ आजोबांनी मला कळवळून सांगितले.

मला त्यांचे दुःख समजते, तरी त्यांचे म्हणणे पटत नाही. प्रभू येशूची कबर स्वतःची नव्हती. अरिमथाईच्या योसेफाने स्वतःसाठी खडकात खोदून घेतलेली जागा दुसऱ्याला दिली. आमच्या धर्माचा सगळ्यात मोठा दिवस, ईस्टर, एका उसन्या कबरीपाशी सुरू होतो. हे दर वर्षी वाचायचे आणि घराण्याच्या सहा फुटांसाठी परिषदेत वकील आणायचा, या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही.

वेदीपासून किती अंतरावर

हा हव्यास आजचा नाही. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांच्या काळातल्या चर्चचे अवशेष आहेत. छप्परे कधीच गेली. कमानी आणि भिंती उभ्या आहेत. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चमध्ये पायाखालची फरशीच कबरशिळांची आहे. नावे, पदव्या, काहींवर घराण्यांची चिन्हे. आता त्यांवरून शेळ्या जातात, लग्नाआधीचे फोटो काढायला आलेली जोडपी जातात. त्या काळी प्रतिष्ठिताला चर्चच्या आत पुरत, आणि वेदीच्या जितके जवळ तितका मान मोठा. गोरगरीब बाहेरच्या मातीत. जुन्या गोव्याच्या चर्चमध्येही असाच पाट्यांचा पट पायाखाली येतो. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. बाहेरच्या मातीत पुरलेल्या लोकांचे वंशज मात्र इथेच राहिले. आज वसईत जो स्थानिक ख्रिस्ती समाज आहे तो त्यांचा.

युरोपात तर अंत्यविधीचेही दर्जे असत. पहिल्या दर्जाला जास्त मेणबत्त्या, जास्त घंटा, जास्त धर्मगुरू. तिसऱ्याला आटोपशीर प्रार्थना. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेसंबंधी जो दस्तऐवज काढला, त्यात विधींमध्ये व्यक्ती किंवा वर्ग पाहून मानपान करू नये असे स्पष्ट सांगितले. चर्चच्या कायद्यातही आहे की गरिबाला पैशाअभावी योग्य अंत्यविधी नाकारला जाऊ नये. पोप फ्रान्सिस यांनी हे स्वतःवर लागू करून दाखवले. पोपसाठी एकात एक अशा तीन पेट्यांची परंपरा होती. २०२४ मध्ये त्यांनी विधीच बदलून घेतला आणि जस्ताचे अस्तर लावलेली एकच लाकडी पेटी ठेवली. २६ एप्रिल २०२५ रोजी रोमच्या सांता मारिया माज्जोरे या चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. जमिनीत, साधी कबर, दगडावर फक्त 'फ्रान्सिस्कस'. मृत्युपत्रात त्यांनी तेवढेच मागितले होते.

आमच्याकडे त्याच आठवड्यात लोक दूरदर्शनवर ते पाहून हळहळले. पेटीवाल्यांच्या दुकानातली मागणी मात्र तशीच राहिली.

पेटीत काय जाते

पेट्या बनवणाऱ्यांची दुकाने चर्चच्या आसपास असतात, पाटी लहान आणि दार अर्धे उघडे. मी गेले त्या दुकानात भिंतीला उभ्या टेकवलेल्या पेट्या होत्या. सगळ्यात स्वस्त जंगली लाकडाची, वर काळे किंवा पांढरे कापड. मग प्लायवूडची, सनमायका लावलेली. मग पॉलिश केलेली, आत पांढरे सॅटिन, उशी, कडेला लेस, बाहेर पितळेसारख्या दिसणाऱ्या प्लास्टिकच्या मुठी. झाकणावरचा येशूही प्लास्टिकचा. एका फळीवर अडीच फुटी पेट्या रचून ठेवल्या होत्या. त्यांच्याकडे मी पुन्हा पाहिले नाही. दुकानदाराने सांगितले की माणूस गेल्यावर घरचे लोक भाव करत नाहीत. 'चांगली दाखवा' एवढेच म्हणतात.

ही चांगली पेटीच कबर खोदणाऱ्यांच्या जिवावर येते. प्लायवूडमधला गोंद, पॉलिश, सॅटिन, मृताच्या अंगावरचा पॉलिस्टरचा सूट, नायलॉनचे मोजे, रबरी तळाचे बूट, प्लास्टिकची फुले, यांतले काहीही माती पचवत नाही. त्यात आमची किनारपट्टीची जमीन. पावसाळ्यात चार-पाच फुटांवर पाणी लागते. पाण्याने भरलेल्या, हवा न पोहोचणाऱ्या बंद पेटीत देह विरघळत नाही, चरबीचा मेणासारखा थर धरून राहतो. दोन वर्षांनी कबर उघडली की काकांना काय पाहावे लागते हे ते सांगत नाहीत, फक्त चाळणी बाजूला ठेवून माती परत लोटतात. ती कबर आणखी वर्षभर अडली. इकडे कोणाच्या तरी घरी माणूस गेलेला असतो आणि कार्यालयातून निरोप जातो की थोडे थांबा.

म्हणून गेल्या काही वर्षांत मुंबई-वसईच्या धर्मग्रामांत सूचना लागू लागल्या: कपडे सुती असावेत, बूट घालू नयेत, प्लास्टिकचे हार नकोत. काही ठिकाणी याहून पुढचे पाऊल उचलले आहे. चर्चची एक सामाईक पेटी असते. तिच्यातून देह कबरीपर्यंत आणायचा, आणि सुती कापडात गुंडाळून थेट मातीत ठेवायचा. पेटी परत जाते, पुढच्यासाठी. पोप फ्रान्सिस यांचे पर्यावरणावरचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २०१५ मध्ये आले, तेव्हापासून आमच्या सभा-शिबिरांत 'सृष्टीची निगा' हा विषय वारंवार येतो. झाडे लावली जातात, फलक रंगवले जातात. पण मला या विषयातली सगळ्यात अवघड आणि खरी कृती हीच वाटते, कारण ती करताना माणूस सगळ्यात हळवा असतो.

विरोध कुठून होतो हे ऐकण्यासारखे आहे. श्रीमंतांपेक्षा निम्न मध्यमवर्गातून अधिक होतो. आयुष्यभर भाड्याच्या खोलीत राहिलेल्या वडिलांना शेवटी तरी चांगली पेटी द्यावी असे मुलाला वाटते. "लोक म्हणतील, बापाला चादरीत गुंडाळून टाकला," असे एकाने मला सांगितले, आणि त्याचे डोळे भरून आले. त्याला प्रवचन देऊन भागणार नाही. त्याच्या आधी फादरांच्या, विश्वस्तांच्या, गावातल्या बड्या माणसाच्या घरचे दफन कापडात व्हायला हवे. ज्या धर्मग्रामांत हा बदल टिकला, तिथे तो असाच वरून सुरू झाला. जिथे नुसती सूचना लागली, तिथे सूचना पिवळी पडली.

भिंतीकडचा कोपरा

जुन्या दफनभूमीत फिरताना एक कोपरा नेहमी लक्षात येतो. आवाराच्या टोकाला, कुंपणाशी. तिथे दगड नाहीत, गवत आहे. जुनी माणसे त्याविषयी खालच्या आवाजात बोलतात. तिथे दोन प्रकारचे लोक पुरलेले असत. बाप्तिस्म्याआधी गेलेली बाळे आणि स्वतःचे जीवन संपवलेली माणसे.

चर्चच्या १९१७ च्या कायद्यानुसार, समजून-उमजून आत्महत्या करणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारला जाई. घंटा नाही, मिस्सा नाही, आशीर्वादित माती नाही. त्या घरातल्या बायकांनी नंतरची वर्षे कशी काढली असतील याची नोंद कुठल्याही वहीत नाही. १९८३ च्या नव्या कायद्याने ही बंदी काढून टाकली. १९९२ च्या धर्मशिकवणीच्या ग्रंथात मानसिक व्याधी, तीव्र भीती, असह्य यातना यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होते असे मान्य केले आणि अशा व्यक्तीसाठी चर्च प्रार्थना करते असे लिहिले. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही असा माणूस तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरले. बाळांच्या बाबतीत व्हॅटिकनच्या धर्मपंडितांच्या आयोगाने २००७ मध्ये सांगितले की बाप्तिस्म्याविना गेलेल्या मुलांच्या तारणाची आशा बाळगायला भक्कम आधार आहे. मुलाला बाप्तिस्मा देण्याची आईवडिलांची इच्छा असेल तर बिशपांच्या परवानगीने त्याचा अंत्यविधी चर्चमध्ये होऊ शकतो.

कागदावर हे सगळे झाले. लोकांच्या मनात ते पुरते पोहोचलेले नाही. एका तरुण धर्मगुरूंनी मला सांगितले की असा प्रसंग घडला की घरचे लोक अजूनही आधी फोन करून विचारतात, "फादर, तुम्ही याल ना?" हा प्रश्न विचारावा लागतो यातच आमचे अपयश आहे, असे ते म्हणाले. ते स्वतः जातात, पूर्ण मिस्सा करतात, आणि प्रवचनात कारणाचा उच्चार टाळत नाहीत. टाळले की कुजबुज सुरू होते. नंतरच्या महिन्यात ते त्या घरी दोन-तीनदा चहाला जातात. चर्चने याहून मोठे काही करायची गरज नाही असे मला वाटते. एवढे सगळीकडे झाले तरी पुष्कळ आहे. आणि त्या गवताळ कोपऱ्यात एखाद्या २ नोव्हेंबरला, मृतात्म्यांच्या स्मरणदिनी, फादरांनी पवित्र पाणी शिंपडत मुद्दाम जावे. काही ठिकाणी जातात. ज्यांच्या घरातले कोणी तिथे आहे त्या म्हाताऱ्या बायका मग मेणबत्ती घेऊन त्यांच्या मागे येतात. पन्नास वर्षे आल्या नव्हत्या, त्या येतात.

राख

जागेच्या टंचाईवर सरळ उपाय दहनाचा. कॅथोलिक चर्चने १९६३ मध्येच त्याला परवानगी दिली. दफनालाच पसंती, पण दहन पाप नाही. २०१६ च्या सूचनापत्रात राखेचे नियम आले: ती पवित्र जागी ठेवावी, घरात ठेवू नये, वाऱ्यावर वा पाण्यात सोडू नये. डिसेंबर २०२३ मध्ये थोडी सवलत मिळाली. अनेकांची राख एका सामाईक पवित्र ठिकाणी एकत्र ठेवता येईल, आणि योग्य कारण असल्यास तिचा अगदी लहानसा अंश मृताच्या जिव्हाळ्याच्या जागीही जपता येईल.

तरी आमच्यात दहन अजून विरळाच. कारण धर्मशास्त्रात नसून सवयीत आहे. आईच्या कबरीवर रविवारी फूल ठेवून घरी जायचे, ही सवय तीन-चारशे वर्षांची. करोनाच्या काळात तिला पहिला मोठा धक्का बसला. मार्च २०२० च्या शेवटी मुंबई महापालिकेने करोनाने गेलेल्या सगळ्यांचे दहनच करावे असे परिपत्रक काढले आणि त्याच दिवशी मागे घेतले. मग वांद्र्याच्या कबरस्तानातल्या दफनाला विरोध करणारी याचिका उच्च न्यायालयात गेली. मे २०२० मध्ये न्यायालयाने ती फेटाळली. सन्मानाने अंत्यविधी होणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे त्या निकालाचे सार. त्या दिवसांत चेन्नईत करोनाने गेलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टरच्या दफनाच्या वेळी जमावाने दगडफेक केली, रुग्णवाहिका फोडली. रोग्यांची सेवा करता करता गेलेला माणूस, आणि त्याच्यासाठी सहा फूट जमीन नाही.

त्या वर्षी अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी नाइलाजाने दहन स्वीकारले. त्यांतल्या काहींशी बोलले. एका बाईंनी नवऱ्याची राख आता कोनाड्यात ठेवली आहे, सासूच्या अस्थींशेजारी. त्या म्हणाल्या की सुरुवातीला झोप लागत नसे, आता लागते. पुढे आपलेही असेच करा, असे त्यांनी मुलांना लिहून दिले आहे.

अब्राहामाची खरेदी

शहरातला प्रश्न जागा सोडण्याचा आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यांत तो उलटा होतो. तिथे जागा मिळालेलीच नाही.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, ठाणे केले. पुढच्या शतकभरात त्या भागातल्या महार-मांग वस्त्यांतली पुष्कळ कुटुंबे ख्रिस्ती झाली. शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, प्रार्थनेला चर्च मिळाले. जमीन नव्हती, ती तशीही मिळाली नाही. मी गेले त्या गावात दफन ओढ्याकाठच्या गायरानावर होते. बाभळी, मुरमाड उतार, दगडांचे उंचवटे. काहींवर लाकडी क्रूस. वाळवीने खाल्लेला क्रूस बदलायचा राहून गेलेला. पावसाळ्यात ओढा चढला की मयत घेऊन कमरेएवढ्या पाण्यातून जावे लागते, नाहीतर पाणी ओसरायची वाट पाहावी लागते. सातबाऱ्यावर ही दफनभूमी अशी नोंद नाही. उद्या कोणी तिथे सौर पॅनेल लावायचे ठरवले तर दाखवायला कागद नाही.

या कागदाच्या मागे आणखी एक कागद आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांचा, १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. धर्म बदलला म्हणून ओढ्याकाठची वस्ती गावाच्या मध्यावर आली नाही, हे गावातले पोरही सांगेल. हा प्रश्न तपासायला केंद्राने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. दरम्यान नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका प्रकरणात म्हटले की ख्रिस्ती धर्म पाळणाऱ्या व्यक्तीला केवळ आरक्षणासाठी स्वतःला हिंदू म्हणवता येणार नाही. परिणामी अनेक कुटुंबे आपली श्रद्धा आयुष्यभर अंगणाच्या आत ठेवतात. ती उघड होते मरणाच्या दिवशी. चितेवर न्यायचे की मातीत ठेवायचे, क्रूस उभा करायचा की नाही, हे घरातल्या घरात ठरवता येत नाही. गाव पाहत असते. मुलाची फी, नोकरी, दाखला यांचा विचार करून आजोबांच्या कबरीवर क्रूस न लावणाऱ्या नातवाला मी नावे ठेवणार नाही. त्याला या पेचात उभे करणाऱ्या व्यवस्थेबद्दल मात्र राग येतो, आणि शहरातल्या सुखवस्तू ख्रिस्ती समाजाने हा प्रश्न आपला मानला नाही याचाही. जातीचा डाग चर्चमध्येही आहेच. तमिळनाडूत तिरुचिरापल्लीच्या एका कॅथोलिक दफनभूमीत दलितांच्या कबरी वेगळ्या करणारी भिंत कित्येक वर्षे उभी होती.

जानेवारी २०२५ मधली छत्तीसगडची घटना ताजी आहे. बस्तरमधल्या छिंदवाडा गावातले एक ख्रिस्ती धर्मोपदेशक ७ जानेवारीला वारले. गावात त्यांच्या वाडवडिलांच्या कबरी होत्या, पण गावाने दफनाला विरोध केला. मुलगा उच्च न्यायालयात, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. देह तोवर शवागारात. २७ जानेवारीला दोन न्यायमूर्तींत मतभेद झाला. एकांचे म्हणणे, कुटुंबाच्या स्वतःच्या शेतात दफन व्हावे. दुसऱ्यांचे, ख्रिस्ती लोकांसाठी नेमलेल्या जागीच व्हावे. आणखी विलंब नको म्हणून अखेरीस वीसएक किलोमीटरवरच्या करकापालच्या दफनभूमीत नेण्याचा आदेश झाला. वीस दिवस एक मुलगा बापाला मातीत ठेवण्यासाठी दारोदार फिरत होता.

बायबलमध्ये अब्राहामाला देवाने देशच्या देश देऊ केला, पण त्याच्या मालकीचा झालेला पहिला तुकडा कबरीचा होता. पत्नी सारा वारली तेव्हा तो परक्या मुलखात उपरा होता. त्याने गावच्या वेशीत, सर्वांसमक्ष, एफ्रोनाकडून मकपेलाची गुहा चारशे शेकेल रुपे मोजून घेतली. फुकट देऊ केली तरी घेतली नाही. साक्षीदार ठेवून व्यवहार केला. उपऱ्याला जमिनीचा कागद का हवा असतो हे त्या प्रकरणात सगळे आहे.

ओढ्याकाठच्या त्या गावात एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्याकडे जाड फाइल आहे: ग्रामसभेचे ठराव, तहसीलचे अर्ज, पोच पावत्या, मोजणीची फी भरल्याची पावती. ग्रामपंचायत कायद्यात स्मशान आणि दफनभूमीची सोय हे पंचायतीचे काम आहे, आणि जनसुविधेच्या अनुदानातून कुंपण, रस्ता, निवारा होऊ शकतो, हे त्यांना तोंडपाठ आहे. सुरुवातीचे अर्ज 'ख्रिस्ती समाजासाठी' म्हणून होते. ते वर्षानुवर्षे पडून राहिले. मग गुरुजींनी गावात चौकशी केली तेव्हा कळले की पुरणारे आपण एकटेच नाही. लिंगायतांची चार घरे आहेत, गोसावी आहेत, गावाबाहेर पाल ठोकून असलेली भटकी कुटुंबे आहेत. त्यांचीही माणसे रात्री-अपरात्री बांधाकडेला पुरली जातात. नवा अर्ज या सगळ्यांच्या सह्या-अंगठ्यांनिशी गेला आहे. अर्ध्या एकराची मागणी आहे, आणि यंदा पहिल्यांदाच मोजणीदार येऊन खुणा करून गेला.

यावर चर्चमध्ये एकमत नाही. रविवारी उपासनेनंतर सतरंजीवर बैठक बसली होती, मी मागे बसून ऐकत होते. इतकी वर्षे आपण झगडलो आणि आता सगळ्यांना वाटून द्यायची का, असे दोघा-तिघांनी विचारले. आत वेगळी रांग असावी, असा एक प्रस्ताव आला. क्रूस लावता येईल की नाही, कोणी हरकत घेतली तर काय, हीही शंका निघाली. गुरुजींनी येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या तीस रुप्यांची गोष्ट काढली. ते पैसे याजकांना मंदिराच्या खजिन्यात नको होते, म्हणून त्यांनी कुंभाराचे शेत घेतले, परक्यांना पुरण्यासाठी. पापाच्या पैशांनीही परक्यांची सोय केली गेली, मग आपल्या हक्काच्या जागेत पालावरच्या माणसाला का नाही, असा त्यांचा प्रश्न होता. मागच्या बाजूने एक आजी म्हणाली, आधी ओढ्यावर साकव करा, मग कोणाला कुठे पुरायचे ते बोलू. साकवाचा ठराव लगेच झाला. रांगेचा निर्णय पुढच्या रविवारवर ढकलला आहे.